परदेशी जाताना मुलांच्या शाळेचं काय? अमळनेरच्या एका बापाला उत्तर

अमळनेरहून एका भाऊंनी विचारलंय. पत्नी स्टाफ नर्स आहे, इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात नेमणूक झाली आहे, येत्या मार्चमध्ये, म्हणजे मार्च २०२६ मध्ये, ती निघेल. मुलगी आठवीत, सेमी इंग्रजी, जन्म मे २०१२. मुलगा चौथीत, मराठी माध्यम, जन्म जानेवारी २०१६. प्रश्न तीन आहेत. शाळा इथूनच पक्की करून जाता येईल का, कारण एक एजंट दोघांच्या ‘सीट’चे ऐंशी हजार मागतोय? शाळा सोडल्याचे दाखले एप्रिलमध्येच काढून ठेवावेत का? आणि मुलीला दहावीपर्यंत इथेच ठेवावं का? खाली एक ओळ त्यांच्या आईची आहे: ‘पोरे तठे शाळामा जातीन का नई?’

आजींचं उत्तर आधी देतो. जातील. इंग्लंडमध्ये पाच ते सोळा वयाच्या प्रत्येक मुलाचं शिक्षण सक्तीचं आहे, सरकारी शाळेत फी नाही, आणि आईबापांनी अर्ज केला की जागा शोधून देण्याची जबाबदारी तिथल्या कौन्सिलवर, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा परिषद-नगरपालिकेवर असते. नर्सच्या व्हिसावर सोबत आलेली मुलं सरकारी शाळेत बसू शकतात. प्रश्न जागा मिळेल का हा नाहीच. कुठली मिळेल, कधी मिळेल आणि मधले आठवडे मुलं घरी बसतील का, हा आहे.

माझ्याविषयी दोन शब्द. मी जळगावच्या एका हायस्कुलात सोळा वर्षं भाऊसाहेब होतो, म्हणजे दाखले, जनरल रजिस्टर, शिष्यवृत्तीचे फॉर्म हेच काम. त्यानंतरची एकवीस वर्षं बाहेर देशी जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे कागद आणि प्रवेश हेच बघतोय. रावेर-यावलची आखातात गेलेली पोरं, धुळ्या-शिरपूरचे इंजिनिअर, अलीकडे नर्सताई. त्यामुळे जे सांगतोय ते फायली हाताळून सांगतोय.

एजंटला ऐंशी हजार देऊ नका. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेचा अर्ज फुकट असतो, तो पालकच करतात, आणि एजंटच्या खिशात एकही जागा नसते. तो फार तर तुमच्या वतीने तोच फॉर्म भरेल, तोही बहुधा चुकीचा पत्ता घालून.

आपल्याकडे शाळेत जागा म्हणजे काय, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. संस्थेच्या अध्यक्षांची ओळख, कुणाची तरी चिठ्ठी, इमारत निधी, मुलाचे मार्क आणि ‘पोरगं हुशार आहे हो सर’. तिथे यातलं काहीच चालत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त असले तर शाळेचा छापील क्रम असतो: आधी सरकारी देखभालीखालची मुलं, मग साधारणपणे भावंडं त्याच शाळेत असतील तर ती, मग घरापासूनचं अंतर. हे अंतर मीटरमध्ये मोजतात. दोनशे मीटर इकडे राहिला असता तर जागा होती, असं ऐकावं लागलेले पालक मी पाहिलेत. तुमच्या मुलीला गणितात अठ्ठ्याण्णव मार्क आहेत हे प्रवेशाच्या फॉर्मवर लिहायला रकानाच नाही. केंट किंवा बकिंगहॅमशायरसारख्या काही भागांत परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या ग्रामर शाळा आहेत, पण तो वेगळा विषय.

म्हणून माझा पहिला सल्ला उलटा वाटेल. शाळा शोधू नका, पत्ता शोधा. आणि पत्ता शोधताना शाळेतली रिकामी जागा बघून शोधा.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के गाड्या इथेच रुतून बसतात. नवीन नर्सला पहिले काही आठवडे रुग्णालयाकडून तात्पुरती खोली मिळते. त्या खोलीत सहसा मुलांना राहता येत नाही आणि तो पत्ता शाळेच्या अर्जाला कामाचा नसतो. शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत वहिनींच्या डोक्यावर ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा असेल. ती पास झाल्याशिवाय तिथली पक्की नोंदणी होत नाही. त्या काळात त्यांच्या मागे शाळेचा तगादा लावू नका. पण एक काम त्या रात्रपाळी संपवून बसमध्ये बसल्या बसल्याही करू शकतात. रुग्णालय ज्या कौन्सिलच्या हद्दीत आहे, तिथल्या ॲडमिशन विभागाला एक साधा ईमेल: ‘इयर ५ आणि इयर ९ मध्ये सध्या कोणत्या शाळांत जागा शिल्लक आहेत? सप्टेंबरपासून इयर ६ आणि इयर १० मध्ये कुठे असतील?’ विचारलं तर शिल्लक जागांची माहिती देणं कौन्सिलला बंधनकारक आहे. ती यादी हातात आली की नकाशावर टिंबं लावा आणि घर त्या टिंबांच्या आसपास बघा. बसचा मार्ग, भाडं आणि शाळेतली जागा, तिन्ही जुळेल तो पिनकोड तुमचा.

बहुतेक लोक याच्या उलट करतात. आधी जळगावचा कुणी ओळखीचा जिथे राहतो तिथे घर घेतात, मग त्या भागातल्या सगळ्या शाळा भरलेल्या निघतात. ओळखीचा माणूस रविवारी भेटतो, शाळा आठवड्यात पाच दिवस असते.

घराचा भाडेकरार झाला की अर्ज. वर्षाच्या मध्येच येणाऱ्या मुलांसाठी इन-इयर ॲडमिशन नावाची वेगळी वाट आहे. काही ठिकाणी अर्ज कौन्सिलकडे, काही ठिकाणी थेट शाळेकडे. भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, मुलांचे पासपोर्ट असे कागद मागतात. मुलं प्रत्यक्ष इंग्लंडमध्ये पोचल्याशिवाय अर्ज पुढे सरकवत नाहीत अशी कौन्सिलं पुष्कळ आहेत, म्हणून ‘इथूनच पक्की’ या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच आहे. अर्जानंतर पंधरा शालेय दिवसांत लेखी उत्तर यायला हवं. शालेय दिवस, बरं का. सुट्टी त्यात धरत नाहीत.

नकार आला तर तीन गोष्टी कळायला हव्यात. एक, नकारावर अपील करता येतं आणि ते शाळेबाहेरचं स्वतंत्र मंडळ ऐकतं. दोन, प्रतीक्षा यादीत नाव घालता येतं, पण ती यादी रेशनच्या रांगेसारखी नसते. आधी आला म्हणून वर असं नाही. उद्या कुणी शाळेच्या जवळ राहायला आला तर तो तुमच्या वर जाईल. तीन, मूल चार आठवडे किंवा जास्त शाळेबाहेर राहिलं आणि वाजवी अंतरात कुठेच जागा नाही असं दिसलं, तर अशा मुलांना बसवून घेण्यासाठी शाळांमध्ये आपसांत ठरलेली पद्धत असते. कौन्सिलला त्याची आठवण करून द्यायला लाजू नका. आणि जवळात जवळची मिळणारी शाळाही तीन मैलांपलीकडे असेल, तर आठ वर्षांवरच्या मुलाची ने-आण कौन्सिलने फुकट करायची असते. आठच्या आत दोन मैल.

जी शाळा मिळेल तिच्यात मूल बसवा. चाळीसगावकडच्या एका जोडप्याने मिळालेली शाळा नाकारली, का तर इन्स्पेक्शनच्या अहवालात ती मधली होती आणि पलीकडची उत्तम. सात आठवडे पोरगी खिडकीत बसून होती. भाषा सुधारली नाही, मैत्रीण झाली नाही, आणि पलीकडची जागा आलीच नाही. शाळेत बसूनही चांगल्या शाळेच्या यादीत नाव ठेवता येतं. यादीतलं नाव त्यामुळे कापलं जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता वयाचं गणित. तिथे इयत्ता वयावर ठरते आणि रेघ ३१ ऑगस्टला असते. नापास-पास, एक वर्ष मागे-पुढे हा प्रकार जवळपास नाहीच. तुमची मुलगी मे २०१२ ची, म्हणजे आत्ता ती तिथल्या इयर ९ मध्ये मोडते आणि सप्टेंबर २०२६ मध्ये इयर १० मध्ये जाईल. मुलगा जानेवारी २०१६ चा, आत्ता इयर ५, सप्टेंबरमध्ये इयर ६. चौथी पास झालेला पोरगा एकदम सहावीत! आजोबा पेढे वाटतील. वाटू द्या, पण आकडा फसवा आहे. त्यांचं इयर १ पाच पूर्ण झालेल्या मुलांचं असतं, म्हणून आकडा पुढे दिसतो. एक वर्ष खाली बसवा अशी विनंती करता येते, पण ती क्वचित मानतात, आणि खरं सांगायचं तर मागूही नये. समवयस्कांत बसलेलं मूल लवकर बोलायला लागतं.

मुलाचं सोपं आहे. फक्त एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: ३१ ऑक्टोबर २०२६. सप्टेंबर २०२७ मध्ये तो सेकंडरी शाळेत, इयर ७ ला जाणार, आणि त्या अर्जाची मुदत त्या दिवशी संपते. निकाल १ मार्च २०२७ ला. नवीन आलेले पालक घर लावण्यात, थंडीचे कपडे घेण्यात गुंतलेले असतात आणि ही तारीख हातून जाते. मग उरलेल्या जागांमधून मिळेल ती शाळा घ्यावी लागते. फॉर्मवर शाळांचा पसंतिक्रम देता येतो. सगळे रकाने भरा, एकच नाव पुन्हा पुन्हा लिहून जोर येत नाही. लोक तेही करतात.

मुलीचं अवघड आहे, आणि तुमचा तिसरा प्रश्न खरा मोठा तोच. इयर १० आणि ११ ही दोन वर्षं मिळून जीसीएसई नावाच्या परीक्षेचा अभ्यास चालतो. इंग्रजी, गणित, विज्ञान सगळ्यांना, बाकीचे विषय मुलं साधारण इयर ९ च्या दुसऱ्या सहामाहीत निवडतात. म्हणजे ती मे महिन्यात पोचली, तर वर्गातल्या इतरांनी विषय निवडून झालेले असतील आणि तिला ज्या विषयाच्या तुकडीत जागा आहे ते मिळतील. हे चालण्यासारखं आहे. पण ती सप्टेंबर २०२७ ला पोचली, तर इयर ११ ची नवी मुलगी. अर्धा अभ्यासक्रम संपलेला, परीक्षामंडळंही शाळेगणिक वेगळी, आणि शाळा अशा मुलांना घ्यायला नाखूष. ती वेळ सगळ्यात वाईट.

त्यामुळे तिच्यासाठी दोनच दारं मी योग्य धरतो. एक याच मे महिन्यात. दुसरं मार्च २०२८ ला दहावी देऊन. योगायोग असा की ती दहावी पास होईल तेव्हा सोळाची असेल आणि तिथे बरोबर इयर १२ ला, म्हणजे आपल्या अकरावीच्या जागी बसेल. दहावीचा निकाल तिथले कॉलेजवाले बघतात, पण इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यायला लावू शकतात, तयारी ठेवा. या दोन दारांच्या मधली खिडकी उघडू नका.

दोन वर्षं आईशिवाय? मामाकडे, मावशीकडे राहून दहावी करणारी मुलं आपल्या भागात कमी नाहीत. पण चौदाव्या वर्षी मुलगी आईपासून दोन वर्षं तोडणं मला पटत नाही. माझा कल मेकडे आहे. मात्र एक गोष्ट आधी तिच्यासोबत बसून बोला, कारण ही कोणताही एजंट सांगत नाही. तिला डॉक्टर व्हायचंय का? महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी नीटच्या गुणांबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. तिने जीसीएसई दिली की धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी मेडिकलचं ते दार बहुधा बंद होतं. आणि तिथे अठराव्या वर्षी विद्यापीठात जाताना कुटुंबाला कायम राहण्याचा दर्जा मिळालेला नसेल, तर फी साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याची पडते. ती तिथल्या मुलांच्या फीच्या कितीतरी पट असते. शाळा फुकट म्हणून पुढचंही फुकट, असं धरून चालू नका. हे ऐकून दोन कुटुंबांनी बेत बदलला आहे. बाकीची गेली, आणि तीही चूक नव्हती.

निघायचं कधी? १ मेला निकाल लागतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मुलं विमानात असावीत, बशर्ते तोवर वहिनींचं घर झालेलं असेल. तिथलं शालेय वर्ष जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपतं. जूनच्या मध्यापर्यंत वर्गात बसली तर पाच आठवडे मिळतात: इमारत कळते, शिक्षक कळतात, एखादी मैत्रीण होते, मग सुट्टी. ‘आंबे खाऊन, आषाढी करून जुलैत निघू’ म्हणाल तर शाळा बंद, कचेरीत माणूस नाही, अर्ज सप्टेंबरपर्यंत पडून. आंब्यांचं दुःख मला समजतं. तरी मेच.

आता दाखले. एप्रिलमध्ये काढून ठेवू का? नका काढू. दाखला काढला म्हणजे पटावरून नाव कमी झालं. रावेर तालुक्यातलं एक कुटुंब आखातात निघालं होतं, बाप तिथे आधीच कामाला. पोरांचे दाखले एप्रिलमध्ये घाईने काढले. कुटुंबाचा व्हिसा अडकला तो सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये शाळेने सांगितलं, तुकडी भरली. आठवीपर्यंत कोणतीही शाळा दाखल्याअभावी किंवा वर्षाच्या मध्ये आला म्हणून मूल नाकारू शकत नाही, असा शिक्षण हक्क कायदा आहे. मुलं दुसऱ्या शाळेत बसली. पण आईचं मन त्या तीन महिन्यांत पार खचलं. तिकीट हातात आल्यावर, निघायच्या आठवड्यात दाखला काढा. इंग्लंडच्या शाळा तो मागतच नाहीत. काढायचा तो परत येण्याच्या दिवसासाठी, आणि पुढे जातपडताळणीला शाळेच्या नोंदी लागतात त्यासाठी. मूळ दाखला कुणालाही देऊन टाकू नका. दुय्यम प्रत काढायला प्रतिज्ञापत्रापासून सगळे सोपस्कार येतात.

दाखल्यापेक्षा मोठं काम वेगळं आहे आणि ते उद्याच करा. शाळेत जा, भाऊसाहेबांना चहा पाजा आणि मुलांची जनरल रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी बघा. जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि पासपोर्टशी जुळते का? आईचं नाव बरोबर आहे का? मी खुर्चीवर बसून पाहिलेलं सांगतो. पहिलीच्या प्रवेशाला काका येतो, काकाला पुतण्याची तारीख माहीत नसते, गुरुजी अंदाजाने लिहितात. बापाच्या पिढीत तर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला. ही दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने होते, पण मूल त्या शाळेच्या पटावर असतानाच सोपी असते. एकदा शाळा सोडली की तेच काम डोंगर होऊन बसतं.

नावाचा घोळ दुसरा. आपल्या नोंदी आडनाव पुढे घेऊन चालतात: ‘पाटील अमुक तमुक’. परदेशातल्या कचेरीत पहिला शब्द म्हणजे मुलाचं नाव. एका पोराला तिथे दोन महिने सगळे शिक्षक ‘पाटील’ म्हणून हाक मारत होते, आणि त्याच शाळेत दुसराही पाटील होता, तो पाचोऱ्याचा. म्हणून मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र घ्या. त्यात नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, आडनाव कोणतं हे स्पष्ट लिहून. जन्मतारीख, आत्ताची इयत्ता, विषय, हजेरी, गेल्या दोन वर्षांचे गुण, वागणूक. मुलीच्या पत्रात ‘गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकते’ हे वाक्य हवंच. ‘सेमी इंग्रजी’ म्हणजे काय ते तिथे कुणालाही कळत नाही. मराठी प्रगतिपुस्तकाचं बाहेरून भाषांतर करून घेण्यापेक्षा हे एक पानी पत्र जास्त कामाला येतं. मुलाला अक्षरं लावायला, लक्ष लावायला त्रास असेल, चष्मा-श्रवणयंत्र असेल, तर डॉक्टरांचे कागद न लपवता न्या. तिथे अशा मुलांसाठी प्रत्येक शाळेत एक नेमलेला शिक्षक असतो. आपल्याकडे लपवायची सवय आहे, तिथे ती मुलाच्या मुळावर येते.

इतर देशांना निघालेले लोकही हे वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी धावतं.

आखातात गणित फीचं आणि बोर्डाचं आहे. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आपलं वर्ष जूनला, म्हणून मेमध्ये पोचलेलं मूल महिनाभर मागे असतं. स्टेट बोर्डातून सीबीएसईत जायचं तर नववीच्या आत जा. नववी स्टेट बोर्डात करून दहावीला सीबीएसईत बसणं सहसा जमत नाही. तिथे मात्र दाखला लागतो, तोही शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीचा आणि पुढच्या शिक्क्यांसह. युएई, कतार, कुवेतला त्यांच्या वकिलातीचा शिक्का. ओमान आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अपोस्टिल, म्हणजे वकिलातीऐवजी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मानतात. शिक्क्यांना हाताशी एक महिना ठेवा.

जर्मनीत आधी नगरपालिकेत राहत्या पत्त्याची नोंद, मग शाळा. घरी शिकवण्याची मुभा नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, म्हणून दहा वर्षांचं मूल नेताना फार विचार करा. मार्च २०२० पासून गोवराच्या लशीचा पुरावा शाळेत दाखवावाच लागतो. आपल्या सरकारी दवाखान्यातले एमआरचे, म्हणजे गोवर-रुबेलाचे, दोन्ही डोस कार्डावर तारखेसह आहेत का ते बघा. गावातल्या आशाताईंकडे नोंद असते, पण कार्ड कोऱ्या रकान्यांचं, असं फार वेळा आढळतं.

अमेरिकेत सरकारी शाळा पत्त्यावरच मिळते, पण लशींवाचून दारात अडवतात. आपल्या सरकारी लसीकरणात गालगुंड आणि कांजिण्या नाहीत. त्या लशी खासगीत घ्याव्या लागतात आणि दोन डोसांत अंतर लागतं, म्हणून तीन महिने आधी बालरोगतज्ज्ञांना गाठा. टीबीची चाचणी मागितली तर रक्ताची मागा. आपल्या मुलांना बीसीजी ही टीबीची लस दिलेली असते, त्वचेची चाचणी त्यामुळेही लाल होऊ शकते आणि घरात रडारड सुरू होते. अमेरिकेच्या बाबतीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. भुसावळच्या एका मुलाची फाईल करताना मी फक्त दहावीची गुणपत्रिका लावली. तिथे हायस्कूल नववीपासून मोजतात आणि नववीचे विषयवार गुण मागितले. तोवर कुटुंब तिकडे पोचलेलं. शाळेत नववीचा निकालपट शोधायला मी स्वतः गेलो. माळ्यावरचा गठ्ठा सोडला तर वाळवीने मधोमध बोगदा केलेला. त्या मुलाची ओळ नशिबाने वरच्या भागात होती. तेव्हापासून नववीचे गुण आधी काढून ठेवतो.

सिंगापूरला सरकारी शाळेत शिरायला प्रवेशपरीक्षा आहे आणि वर्ष जानेवारीत सुरू होतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलांना सरकारी शाळेतही फी पडू शकते. नोकरीच्या पगारातून ती वजा करून मग होकार द्या.

पुन्हा अमळनेरला येतो. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना असतो. तिथे भीतीपोटी इंग्रजी लिहू नका. मराठी लिहा, अहिराणी लिहायची असेल तर तीही लिहा. तो रकाना बघूनच शाळा भाषेची जादा मदत ठरवते. इंग्रजी लिहिलं की मूल वर्गात गप्प बसतं आणि शिक्षकांना वाटतं, लाजाळू आहे. मराठीत जीसीएसई नाही. गुजराती, उर्दू, पंजाबी, बंगालीत आहे. नवापूरची एक मुलगी घरी गुजराती वाचायची, तिने ती घेतली आणि एक विषय हसत काढला.

मुलाची गणिताची काळजी सोडा. तिथे इयर ४ मध्ये बारापर्यंतच्या पाढ्यांची सरकारी चाचणी असते. आपला पोरगा तीसपर्यंत म्हणतो. काळजी वाचनाची करा. रोज अर्धा तास इंग्रजी गोष्टीचं पुस्तक, मोठ्याने, आतापासून मेपर्यंत. शब्द अडला तर अडू द्या.

आणि आजींना एक निरोप. पहिल्या आठवड्याच्या डब्यासाठी त्या शेंगदाण्याची चटणी करून देतील, सोबत कळण्याचं पीठही बांधतील. पीठ खुशाल न्या. चटणी घरी खा, डब्यात नको. तिथल्या पुष्कळ शाळांत शेंगदाणा आणायलाच बंदी आहे, कारण काही मुलांना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. गेल्या वर्षी पारोळ्याच्या एका पोराचा डबा पहिल्याच दिवशी ऑफिसात जमा झाला. आईने रात्री फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, हसत होती: ‘भाऊसाहेब, कागद सगळे बरोबर निघाले, चटणी पकडली.’